पांढरा खिळा काळ्यापेक्षा चिवट असतो का?

हनुमान जयंतीला गावच्या आखाड्यात हाताने सहा इंची खिळे वाकवून दाखवणारा एक पोरगा परवा माझ्या ओसरीवर आला. फडक्यातून तीन खिळे काढून समोर ठेवले आणि म्हणाला, "सर, पांढरा खिया काया खियापेक्षा कडक असते का जी? जस्त चढवलं का लोखंड चिवट होते?"

एरवी तो आठवडी बाजारातले साधे तेलकट खिळे वाकवतो. या वेळी तालुक्याच्या दुकानातून जस्त चढवलेले आणले. त्यातला मळकट राखाडी, खरबरीत खिळा सुरुवातीला हलेचना. मग एकाएकी सैल पडला आणि वरून खवले उडाले. दुसरा चकचकीत पांढरा होता. तो नेहमीसारखाच वाकला, पण हातातून निसटत राहिला. तिसरा चार इंची, अंगावर उभ्या रेघा असलेला. तो हाताने वाकलाच नाही. पाइप घालून जोर लावला तेव्हा काडकन मोडला आणि तुकडा धाकट्या भावाच्या कानाजवळून गेला.

बाबू, तेव्हा चहाच्या घोटात उत्तर दिलं ते अर्धवट होतं. आता सगळं लिहून देतो, कारण हाच प्रश्न मला सेंट्रिंगवाल्यांनी आणि कुंपण घालणाऱ्या शेतकऱ्यांनीही विचारला आहे. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडचा शिल्प निदेशक होतो आणि त्याच्या आधी बापाच्या भात्यावर बसलो. खिळे वाकवण्यापेक्षा वाकलेले सरळ करण्यातच माझी जास्त वर्षं गेली.

उत्तर असं की जस्त खिळ्याला चिवट करत नाही. जस्ताचा थर स्वतः काही जोर धरत नाही म्हटलं तरी चालेल. खिळा कसा वाकेल हे तार कुठल्या पोलादाची, किती ओढलेली आणि किती जाड, यावर ठरतं. जस्त चढवताना त्या पोलादाला जी आच लागते आणि जे ॲसिड लागतं, त्याने थोडाफार फरक पडतो. कधी खिळा किंचित नरम होतो, कधी अधिक ठिसूळ. तुझे तीन खिळे म्हणजे तीन वेगळ्या जातीचे प्राणी आहेत. पांढरा रंग सोडला तर त्यांच्यात सारखं काही नाही.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपण "कडक" या एका शब्दात तीन गोष्टी कोंबतो. पऱ्हाटी (कपाशीचं झाड) आणि तुराटी (तुरीचं झाड) डोळ्यांपुढे आण. वाळलेली तुराटी ताठ असते, हातात घेतली की वाकत नाही, आणि जोर लावला की कट्‌कन दोन तुकडे. ओली पऱ्हाटी वाकते, पिळली तरी तुटत नाही, शेवटी सालीच्या दोऱ्यावर लोंबत राहते. पऱ्हाटी चिवट आहे, तुराटी ताठ आहे. तिसरी गोष्ट म्हणजे कायमचं वाक पडायला लागणारा जोर. त्याला मजबुती म्हण. तुझ्या मनगटाला जे जाणवतं ते मुख्यतः ही मजबुती. खिळा मोडेल की गोल होईल हे चिवटपणा ठरवतो. आणि सुरुवातीला खिळा स्प्रिंगसारखा किती झुकून परत येतो हा ताठपणा. हा सगळ्या पोलादात जवळपास सारखाच असतो, मग तो खिळा असो की नांगराचा फाळ. पाणी दिलं (लाल तापवून पाण्यात बुडवून कडक केलं), जस्त चढवलं, काही केलं तरी पोलादाचा ताठपणा बदलत नाही. आयटीआयच्या पोरांना हे पटवायला मला दरवर्षी एक अख्खा दिवस लागायचा.

आता खिळ्याची कुंडली. साधा वायर नेल माइल्ड स्टीलच्या तारेचा असतो. कारखान्यात पोलादाची सळई गुंडाळीच्या रूपात येते. आपल्या भागात ती भिलाईसारख्या मोठ्या कारखान्यातूनही येते आणि भंगार वितळवून केलेल्या मालातूनही. सर्रास मिळणारी सगळ्यात बारीक सळई साडेपाच मिलिमीटरची. ती थंडच, एकामागून एक लहान होत जाणाऱ्या डायच्या भोकांतून ओढतात. प्रत्येक ओढीत तार बारीक होते, लांब होते आणि मजबूत होते. आत पोलादाचे दाणे ओढले जाऊन लांबट होतात, त्यांच्यात ताण साठतो आणि पुढच्या वेळी वाकवायला जास्त जोर लागतो. मग यंत्र तार सरळ करतं, पकडतं, ठोकून डोकं बसवतं आणि टोक कापतं. डोक्याखाली दोन्ही बाजूंना बारीक आडव्या रेघा दिसतात ना, त्या त्या पकडीच्या खुणा आहेत.

यातून एक गंमत निघते. तारेची जाडी गेजमध्ये सांगतात, गेजचा आकडा लहान तितकी तार जाड. चार इंची खिळा बहुधा आठ गेजचा, म्हणजे ४.०६ मिलिमीटरचा. साडेपाचपासून तिथपर्यंत ओढताना तारेचं क्षेत्रफळ ४५ टक्क्यांनी घटतं. दोन-अडीच इंची खिळा बारा गेजचा धरला, २.६४ मिलिमीटर, तर ७७ टक्क्यांनी. म्हणजे बारीक खिळ्याचं पोलाद जाड खिळ्याच्या पोलादापेक्षा जास्त ताणलेलं, म्हणून जास्त मजबूत. तुझा सहा इंची चार गेजचा खिळा ५.८९ मिलिमीटरचा. तो साडेपाचच्या सळईतून निघूच शकत नाही, कारण ओढून तार जाड होत नाही. त्याला जाड सळई लागते आणि ती किती ओढली हे कारखान्यागणिक बदलतं. थोडीच ओढली तर खिळा दिसायला दणकट, पण हाताला नरम. दोन पेट्यांतले सारख्या मापाचे काळे खिळे वेगळे वाकतात ते यामुळे. जस्ताचा विषय इथपर्यंत आलेलाही नाही आणि फरक पडून गेला.

जाडीचं गणित याहून मोठं आहे. गोल कांब वाकवायला लागणारा जोर तिच्या व्यासाच्या घनाच्या पटीत वाढतो, म्हणजे व्यास गुणिले व्यास गुणिले व्यास. आठ गेजच्या खिळ्याच्या जागी चार गेजचा घेतला तर व्यास दीडपटही होत नाही, पण लागणारा जोर तिप्पट होतो. पाच गेज म्हणजे ५.३८ मिलिमीटर. पाच आणि चार गेजमध्ये फरक अर्ध्या मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही. जोर मात्र ३१ टक्क्यांनी जास्त. बाजारातल्या तुझ्या जुन्या पेटीवर गेज बघितलंस का? मला शंका आहे की ती पाच गेजची होती आणि तालुक्याचा खिळा चार गेजचा निघाला. दोन्ही सहा इंचीच. दुकानदार लांबीने मागितलेला खिळा लांबीने देतो.

जस्ताचा हिशेब याच्या शेजारी ठेव. वितळलेल्या जस्तात बुडवलेल्या खिळ्यावर (तुझा मळकट राखाडी तो हाच) साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा थर बसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन्ही बाजू मिळून ०.१ मिलिमीटर. तो थर पोलादाइतका मजबूत असता तरी जोर पाच टक्के वाढला असता. पण तो तसा नसतो, वाकताना तडकतो. म्हणून खरा वाटा त्याहून कितीतरी कमी. विजेने चढवलेला थर तर पाच-दहा मायक्रॉनचा, त्याची गणतीच नको.

थराच्या रचनेबद्दल थोडं सांगतो, कारण खवले काहून उडाले हे तू दोनदा विचारलंस. खिळा जस्तात बुडाला की नुसता रंगासारखा लेप बसत नाही. लोखंड आणि जस्त एकमेकांत मुरतात आणि त्यांचे थरावर थर तयार होतात. पोलादाला चिकटलेला थर लोखंडमिश्रित, अगदी पातळ आणि कडक. त्याच्यावर आणखी दोन मिश्र थर. सगळ्यात वर जवळपास शुद्ध जस्त, मऊ. कडकपणाच्या मोजणीत वरचं शुद्ध जस्त ७० च्या आसपास, साधं पोलाद १६० च्या आसपास आणि आतले दोन मिश्र थर २४० ते २५० पर्यंत जातात. म्हणजे थराचा आतला भाग खिळ्यापेक्षा कडक! इथेच लोक फसतात. कानस घासली, कडक लागलं, की म्हणतात जस्ताने खिळा कडक झाला. कडक झाली ती केसाएवढी साल, आणि ती साल ठिसूळ. पोलाद वाकताना बाहेरच्या बाजूने ताणलं जातं, साल ताणली जात नाही, तडकून उडते. खवले उडणं हा खिळ्याचा दोष नाही आणि मजबुतीची खूणही नाही. मात्र वाकलेल्या जागी आता गंज आधी धरेल. छपराला किंवा गोठ्याला जस्ताचा खिळा वापरताना वाकवून मुरगाळून ठोकू नये ते यासाठी.

जाता जाता: गॅल्वनाइझ हा शब्द बेडकाच्या तंगडीतून आला. इटलीतल्या गॅल्वानीने मेलेल्या बेडकाचे पाय विजेने झटकताना पाहिले आणि त्याचं नाव विजेच्या सगळ्या खेळाला चिकटलं. गंमत अशी, की लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवायचं पेटंट फ्रान्समध्ये सोरेलने १८३७ मध्ये घेतलं, त्यात वीज लागतच नाही.

आता आच. हा भाग नीट वाच. जस्त ४१९ अंशांच्या पुढे वितळतं, त्यामुळे कढई साधारण ४५० अंशांवर ठेवतात. खिळे टोपलीत भरून दोन-चार मिनिटं बुडवतात आणि लगेच गरगर फिरवून जास्तीचं जस्त उडवतात. एवढ्या आचेने ओढलेल्या तारेतला साठलेला ताण थोडा सुटतो. पूर्ण नरम व्हायला याहून बरीच जास्त आच आणि वेळ लागतो. सळया बांधायची काळी तार, आपली बाइंडिंग वायर, भट्टीत तशी नरम केलेली असते म्हणून बोटाने पिळता येते. जस्ताच्या कढईत खिळा त्या दशेला जात नाही. पण ओढलेल्या खिळ्याची मजबुती किंचित उतरू शकते. म्हणजे एकाच तारेचे दोन खिळे घेऊन एक बुडवला तर बुडवलेला बहुधा थोडा सोपा वाकेल, अवघड नाही!

मग तुझा राखाडी खिळा आधी हलला काहून नाही? जाडीचं सांगितलंच. दुसरं कारण जरा खोलातलं आहे. पोलादात कार्बन आणि नायट्रोजनचे कण असतात. पोलाद थंड ओढलं किंवा वाकवलं आणि मग तापवलं की हे कण आतल्या सरकणाऱ्या जागांवर जाऊन बसतात आणि त्यांना जखडतात. नेहमीच्या हवेत हे हळूहळू होतं. जस्ताच्या आचेवर मिनिटांत होतं. अशा पोलादाला पहिला धक्का जास्त लागतो. एकदा जखड सुटली की ते एकदम मोकळं होतं. बंडीचं चाक चिखलात रुतलं तर पहिल्या हिसक्याला बैल दम टाकतात, मग चाक सुटलं की बंडी धावते, तसंच. तू नेमकं हेच सांगितलंस, "आधी हलेचना, मग एकाएकी सैल." साध्या ओढलेल्या खिळ्यात हा टप्पा नसतो. तो सुरुवातीपासून एकसारखा चढत जातो.

या जखडण्याची दुसरी बाजू मला महागात पडली होती. बरीच वर्षं झाली, एका जिनिंगच्या शेडमध्ये चेनपुली टांगायला लोखंडी आकडे (हूक) हवे होते. तेव्हा पीळ दिलेली टोरची सळई सर्रास मिळायची. मी ती थंडच, अगदी करकचून, जवळजवळ सळईच्याच जाडीच्या गोलाईवर वाकवली आणि आकडे जस्त चढवायला नागपूरला पाठवले. परत आले तेव्हा रूपेरी, बघत राहावं असे. ट्रकमधून उतरवताना दोन आकडे फरशीवर पडले आणि वाकाच्या जागी मोडले. मोडलेल्या तोंडावर साखरेसारखे चमकते दाणे. मी जस्तवाल्याला फोनवर चांगलंच सुनावलं. त्याचा दोष नव्हता. पीळ देऊन आधीच ताणलेली सळई मी आणखी घट्ट वाकवली आणि मग तिला कढईची आच मिळाली; चिवटपणा जायला आणखी काय हवं होतं! वाकाची आतली गोलाई जाडीच्या तिप्पट तरी ठेवावी हा नियम मला त्यानंतर कळला. नशीब पुली टांगायच्या आधी मोडले. त्या सगळ्या आकड्यांचं मी पुन्हा भंगार केलं आणि नवे आकडे साध्या सळईचे, तापवून वाकवले.

तुझ्या खिळ्याला ही भीती कमी, कारण तो सरळ असताना बुडवला जातो आणि माइल्ड स्टीलचा असतो. पण भंगारातल्या हलक्या मालाचा, जास्त ओढलेला खिळा बुडवला असेल तर वाकवून परत सरळ करताना तो मोडू शकतो. सेंट्रिंगवाल्यांना हे ठाऊक असतं. वाकलेला साधा खिळा दगडावर ठोकून तीन-तीन वेळा वापरतात, पांढरा एकदाच. शिवाय सरळ केलेला खिळा नीट बघ, तो कधी पुरता सरळ होत नाही. मूळ वाकाची जागा कडक झालेली असते, म्हणून ठोकताना तिच्या शेजारचा नरम भाग वाकतो आणि खिळा सापासारखा नागमोडी होतो.

चकचकीत खिळ्याचं फार काही नाही. तो विजेने जस्त चढवलेला. आच लागत नाही, थर नावापुरता, पोलाद जसं होतं तसं राहतं. निसटला कारण तो गुळगुळीत. खरबरीत राखाडी खिळा उलट मुठीत छान बसतो. हाताने वाकवणाऱ्याला जस्ताने पडणारा सगळ्यात मोठा फरक मला विचारशील तर तो हाच आहे, पकडीचा. पोतं गुंडाळशील तर तोही संपला.

तिसरा खिळा. तो वायर नेल नव्हताच. उभ्या रेघा, आखूड, जाडजूड म्हणजे काँक्रीटचा खिळा. दुकानात याला स्टीलचा खिळा म्हणतात. हे नाव मोठं फसवं, कारण साधा खिळाही स्टीलचाच. हा जास्त कार्बनच्या पोलादाचा असतो आणि त्याला पाणी दिलेलं असतं, जसं आपण विळ्याच्या धारेला देतो. भिंतीत घुसायला तो कडक हवा, म्हणून चिवटपणा सोडलेला. त्याला वितळलेल्या जस्तात बुडवलं तर ४५० अंशांवर पाणी उतरेल आणि तो भिंतीत शिरायच्या ऐवजी वाकेल. म्हणून त्याच्यावर जस्त विजेने चढवतात. तुझ्याकडून तो मोडला याचा दोष जस्ताला देऊ नको. बिनजस्ताचा असता तरी मोडलाच असता.

पण जस्त चढवण्याचा एक खरा धोका याच जातीला असतो. जस्ताच्या आधी खिळा ॲसिडमध्ये धुतात, मग विजेच्या टाकीत टाकतात. दोन्हीकडे हायड्रोजन सुटतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. साध्या खिळ्याच्या नरम पोलादात तो फारसं बिघडवत नाही, हळूहळू निघून जातो. साधारण १००० मेगापास्कलच्या (हे मजबुती मोजायचं माप) पुढच्या मजबुतीच्या पोलादात मात्र तो आतून भेगा पाडतो, आणि कधी ओझं लटकवल्यावर तासांनी, दिवसांनी, कुणी हात न लावता तुकडा पडतो. चांगला कारखाना असा माल टाकीतून निघाल्यावर चार तासांच्या आत साधारण २०० अंशांवर कित्येक तास भाजतो, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. सुट्या विकलेल्या खिळ्याला भाजलं की नाही हे तुला किंवा मला बघून कळणार नाही. त्यामुळे काँक्रीटचा खिळा, पांढरा असो की काळा, वाकवायच्या खेळात घ्यायचा नाही. तुझा भाऊ थोडक्यात वाचला.

"पांढरं ते कडक" ही समजूत आली कुठून, हा विचार मी बराच केला आहे. मला वाटतं तारेतून. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या त्रासाने आता अर्ध्या शिवाराला कुंपण आहे. कुंपणाची जीआय, म्हणजे जस्त चढवलेली तार ताठ, हाताला न जुमानणारी. बांधायची काळी तार लोण्यासारखी. माणूस दोन्ही रोज हाताळतो आणि मनात बसतं, पांढरी ताठ, काळी नरम. खरं म्हणजे काळी तार मुद्दाम भट्टीत नरम केलेली आणि कुंपणाची तार तशी न केलेली. जस्त दोघींच्या भांडणात नव्हतंच.

आता घरी तपासायचं कसं ते. आधी कानस. खिळ्याच्या मध्यावर जस्त खरवडून पोलाद उघडं कर आणि जुनी बारीक कानस चालव. कानस चावली आणि किस पडला तर साधा खिळा. काचेवर घसरावी तशी घसरली तर पाणी दिलेला, बाजूला ठेव. मग उघड्या पोलादावर व्हर्नियर (जाडी मोजायचं हत्यार) लावून व्यास मोज. जस्तावरून मोजू नको. आयटीआयच्या कुठल्याही पोराकडे व्हर्नियर मिळेल.

मग व्हाइसमध्ये खिळा अर्ध्यापर्यंत पकड, वरच्या अर्ध्यावर पाइप चढव आणि व्हाइसच्या तोंडापासून ३० सेंटिमीटरवर धान्य तोलायचा हूकवाला ताणकाटा अडकव. काटा पाइपाशी काटकोनात ओढत जा आणि खिळा कायमचा वाकायला लागतो तेव्हाचा आकडा वाच. चार गेजचा खिळा, पोलादाची मजबुती ५०० मेगापास्कल धरली तर आकडा सुमारे सहा किलोला येतो, ७०० धरली तर आठच्या वर. हा हिशेब माझ्या कागदावरचा आहे. तुझ्या खिळ्याचा आकडा तुझा काटा सांगेल. एका पेटीतले चार-पाच खिळे तरी कर, एकावरून काही ठरवू नको. आणि काळ्या-पांढऱ्याची तुलना करायची तर खरवडल्यावर व्यास सारखा निघालेलेच घे, नाहीतर तू जस्त नाही, गेज मोजशील.

तेच सहा-आठ किलो हाताने वाकवताना कुठे जातात? सहा इंची खिळा म्हणजे १५ सेंटिमीटर. मधून वाकवताना प्रत्येक हाताला तरफ मिळते सहा-एक सेंटिमीटरची, म्हणजे पाइपावरच्या ३० सेंटिमीटरचा पाचवा भाग. म्हणून तिथले सहा किलो हातात तीस होतात. आणि चार इंची खिळ्याला तरफ आणखी कमी. आखूड खिळा अवघड लागतो त्याचं अर्धं कारण हे.

चिवटपणा तपासायला वाकवून १८० अंशांचा नाल कर, मग परत उलटा उघड. बाहेरच्या बाजूला पोलादात भेग दिसते का ते भिंगाने बघ. जस्ताच्या भेगा सोडून दे, त्या दिसणारच. कानसेने पुसून खालचं पोलाद बघ. मोडला तर तोंड बघ. राखाडी, तंतू ओढल्यासारखं, कडेला बारीक झालेलं असेल तर पोलाद चिवट होतं आणि तू त्याला दमवून तोडलंस. चमकते दाणे, सरळ सपाट तोंड, तर ठिसूळ. हे सगळं करताना चष्मा लाव आणि खिळ्यावर बारदान टाक. भावाला अंगणात बसव.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. तू जाताना म्हणालास, "पांढरा खिया चुलीत तापवून नरम करतो मग." नको. लाल तापवला तर जस्त जळून पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो, अंग ठणकतं, तोंडात धातूची चव येते. बहुतेक वेळा दिवसा-दोन दिवसांत उतरतं, पण बंद खोलीत जास्त धूर घेतला तर प्रकरण गंभीर होतं. वेल्डिंगवाल्या पोरांना मी हे तापाने फणफणलेलं पाहिलं आहे. वरून "दूध पी, गूळ खा" सांगणारे भेटतात. दूध पोटात जातं, धूर छातीत गेलेला असतो. ॲसिडने जस्त काढायच्या भानगडीतही पडू नको. वाफ तुझ्या डोळ्यांत आणि हायड्रोजन खिळ्यात.

कार्यक्रमासाठी म्हणशील तर साधे काळे खिळे, एकाच पेटीतले, कानसेने आणि व्हर्नियरने तपासलेले घे. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची परंपरा १९१४ पासूनची. तिकडे शिकून आलेला एखादा उस्ताद आसपास असेल तर मनगट कसं बांधायचं ते त्याच्याकडून शिकून घे. ते माझं काम नव्हे. लोकांना पांढराच खिळा दाखवायचा असेल, दुरून चमकतो म्हणून, तर चकचकीत साधा वायर नेल आण. काळ्याइतकाच वाकेल, बघणाऱ्याला मात्र भारी वाटेल. दोन्ही टोकांना चामड्याची पट्टी गुंडाळ, निसटणार नाही.

आणि त्या मोडक्या खिळ्याचा दुसरा तुकडा अंगणात सापडला तर घेऊन ये. माझ्याकडे एकच अर्धं आहे, तोंड नीट बघायला दोन्ही लागतात.